लेखकाचे चित्र, कवीचे चित्र : वत्सगुल्म ते कळफलक

१

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त सांगितलेली काव्यपुरुषाची कथा आजच्या वाशीम शहरात येऊन संपते. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग पूर्वदेश, पांचाल, अवंती असा प्रवास करीत दक्षिणेत येते. विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे वाशीम, इंग्रजी कागदपत्रांतील बासीम. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन जो जिल्हा अस्तित्वात आला, त्याचे हे मुख्य ठिकाण. राजशेखराच्याच 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी रीतीचा उल्लेख 'वच्छोमी' या नावाने येतो, म्हणजे रीतीचे नावही या नगरावरूनच पडलेले आहे. संस्कृत काव्यशास्त्राच्या नकाशावर इतके नेमके आणि इतके मानाचे स्थान महाराष्ट्रातील फार थोड्या गावांना लाभले आहे.

वच्छोमी रीती सहजतेची, असमस्त पदांची, प्रसादाची रीती मानली गेली. तिच्या अगदी उलट टोकाला शास्त्रकारांनी चित्रकाव्य ठेवले. अक्षरे विशिष्ट आकृतीत बसवून कमळ, खड्ग, मृदंग वा चक्र सिद्ध करणारी ही रचना उत्तम काव्याच्या पंक्तीला कधीच बसली नाही. अक्षरांतून चित्र काढण्याचा हा उद्योग मात्र थांबला नाही. पोथीच्या पानावर तो चालला, टंकलेखन यंत्रावर चालला आणि संगणकाच्या कळफलकावरही चालला. या दीर्घ इतिहासाकडे पाहताना एक भेद सहसा निसटतो. अक्षरांचे चित्र काढणारे दोन वेगवेगळे लोक होते : एक कवी आणि दुसरा लेखक. 'लेखक' हा शब्द येथे जुन्या अर्थाने, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर हाताने उतरवून काढणारा या अर्थाने घ्यावयाचा आहे. काव्यशास्त्राने न्यायनिवाडा केला तो कवीच्या चित्राचा. लेखकाच्या चित्राची त्याने दखलच घेतली नाही. कळफलकावर चिन्हांतून चित्र काढणे या आजच्या कौशल्याची वंशावळ लावताना ही अनुल्लेखित बाजूच निर्णायक ठरते, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

वत्सगुल्माच्या काव्यपरंपरेचा आरंभ एका राजकवीपासून होतो. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. 'हरिविजय' हे प्राकृत काव्य त्याचे. १९३९ साली वाशीम येथे सापडलेल्या ताम्रपटाने या शाखेच्या इतिहासावर प्रथमच स्पष्ट प्रकाश पडला. विंध्यशक्ती (द्वितीय) याने आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र आहे. त्याचा वंशावळीचा भाग संस्कृतात आणि उरलेला बराचसा भाग प्राकृतात आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेवाच्या लेखात जे नाव नीट लागत नव्हते, ते 'सर्वसेन' आहे हे या पत्र्यामुळे ठरले. म. म. वा. वि. मिराशी यांच्या 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' (१९५७) या ग्रंथाने हे सर्व संशोधन मराठी वाचकांपर्यंत आणले.

'हरिविजय' आज अखंड उपलब्ध नाही. आनंदवर्धन, कुंतक, भोज, हेमचंद्र अशा शास्त्रकारांनी घेतलेली त्याची अवतरणे आणि त्याविषयी केलेली विधाने एवढीच सामग्री हाती आहे. तरीही तीतून दोन गोष्टी ठळकपणे कळतात. कुंतकाने 'वक्रोक्तिजीविता'त सुकुमार मार्गाचे प्रतिनिधी म्हणून कालिदासाबरोबर सर्वसेनाचे नाव घेतले आहे. म्हणजे वत्सगुल्माचा कवी हा स्वाभाविक सौंदर्याचा कवी, ही प्रतिमा दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत दृढ झालेली होती. दुसरी गोष्ट हेमचंद्राने नोंदविली आहे. 'रावणविजय', 'हरिविजय' आणि 'सेतुबंध' या प्राकृत काव्यांत आरंभापासून शेवटपर्यंत एकच छंद असून मधली गलितके, म्हणजे यमकबद्ध पद्ये, स्वतःला विदग्ध समजणाऱ्या कोणीतरी मागाहून घुसडली आहेत, असे जाणकारांचे मत तो देतो.

हेमचंद्राची ही नोंद काळजीपूर्वक वाचली पाहिजे. ती खरी असेल तर सर्वसेनाच्या सुकुमार काव्यात अक्षरक्रीडा शिरली ती कवीच्या हातून नव्हे, पोथी पुढे नेणाऱ्यांच्या परंपरेतून. ती खरी नसेल, तर जाणकारांना ज्या कवीला सुकुमार ठरवावयाचे होते त्याच्या अंगावरचे अक्षरालंकार त्यांनी प्रक्षिप्त म्हणून उतरवून ठेवले. दोन्ही पर्यायांत निष्कर्ष एकच निघतो : सहजता कवीची आणि अक्षरांचा खटाटोप दुसऱ्या कोणाचा तरी, अशी वाटणी शास्त्राच्या मनात आधीच झालेली होती.

३

शास्त्राने कवीच्या चित्राविषयी काय म्हटले ते आता पाहू. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात यमकांबरोबर गोमूत्रिका, अर्धभ्रम आणि सर्वतोभद्र यांची लक्षणे दिली. भारवीने 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या आणि माघाने 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात, म्हणजे दोघांनीही युद्धवर्णनाच्या सर्गांत, या बंधांचे प्रदर्शन मांडले. माघाच्या चक्रबंधात तर विशिष्ट कड्यांतील अक्षरे जुळविली असता कवीचे आणि काव्याचे नाव निघते. रुद्रट आणि भोज यांनी या प्रकारांचा विस्तार केला. जैन परंपरेत समंतभद्राचे 'जिनशतक' हे स्तोत्र मुरजबंध, चक्रबंध अशा रचनांनी भरलेले आहे.

या रचनेचे तंत्र समजून घेतल्याशिवाय तिच्याविषयीचा वाद समजत नाही. सर्वतोभद्राचे उदाहरण घेऊ. अनुष्टुभाचे चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरे. ते चार ओळींत लिहून खाली उलट क्रमाने पुन्हा लिहिले की आठ बाय आठ अशी ६४ घरांची चौकट तयार होते. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून कसेही वाचले तरी तोच श्लोक मिळाला पाहिजे. या अटी गणिताच्या भाषेत मांडल्या तर असे दिसते की प्रत्येक चरण उलटसुलट सारखा असल्याने चार बाय चार एवढाच भाग मोकळा उरतो. उभे आणि आडवे वाचन एकच असावे लागत असल्याने त्यातीलही १६ घरांपैकी केवळ १० घरे कवीच्या इच्छेने भरता येतात. ६४ घरांचा श्लोक दहा अक्षरांच्या निवडीवर उभा राहतो. पद्मबंधात कर्णिकेतील एकच अक्षर पाकळीपाकळीगणिक पुन्हा वाचावे लागते. गोमूत्रिकेत दोन अर्धांतील एकाआड एक अक्षरे समान असावी लागतात, म्हणजे चालत्या बैलाच्या मूत्ररेषेप्रमाणे वरखाली नागमोडी वाचले तरी श्लोक बदलत नाही. अटी इतक्या कडक असल्याने सवलतीही मान्य झाल्या. चित्रात ब आणि व, ड आणि ल, र आणि ल यांत भेद मानू नये, अनुस्वार-विसर्गाच्या असण्यानसण्याने बंध मोडला असे समजू नये, असे संकेत रूढ झाले.

या तंत्रातील मूळ घटक अक्षर आहे, सुटा वर्ण नव्हे. घरात बसते ते स्वरासह पूर्ण अक्षर. आणि घरातील प्रत्येक अक्षराला अर्थ द्यावा लागतो. आकृती पूर्ण झाली पण अन्वय लागला नाही तर बंध फसला. म्हणजे कवीच्या चित्रात अक्षरावर दुहेरी भार असतो : ते आकृतीत नेमके बसले पाहिजे आणि वाक्यातही बसले पाहिजे.

आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात या प्रकाराला काव्य न म्हणता काव्याचे अनुकरण म्हटले. रसभावादींचे तात्पर्य नसलेली, केवळ वाच्यवाचकाच्या वैचित्र्यावर आधारलेली रचना चित्रासारखी भासते, एवढेच त्याचे म्हणणे. मम्मटाने चित्राला अवर काव्याचे स्थान दिले आणि नवव्या उल्लासात बंधांची मोजकी उदाहरणे देऊन, यांतून कवीची शक्ती दिसते पण काव्यरूप सिद्ध होत नाही, असा शेरा मारला. जगन्नाथ पंडिताने तर एकाक्षरी पद्ये व पद्मबंधादिक यांना काव्याच्या वर्गवारीत घेण्याचेच नाकारले. नवव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत निकाल अधिकाधिक कडक होत गेला.

मराठी अध्यापनात हा निकाल जसाच्या तसा उतरला. पंडित कवींविषयी बोलताना मोरोपंतांची अष्टोत्तरशत रामायणे, त्यांतील ओष्ठ्य वर्ण वगळून रचलेले 'निरोष्ठ रामायण' किंवा त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे गुंफलेले 'मंत्ररामायण' यांचा उल्लेख बहुधा 'शब्दचमत्कृती' या एका शब्दात आटोपला जातो. हा शब्द वर्णन करीत नाही, विषय बंद करतो.

परंतु आनंदवर्धनाच्या निवाड्यातील दोन गोष्टी या घाईत सुटतात. पहिली अशी की, त्याच विवेचनात त्याने अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्राथमिक अवस्थेतील कवींना चित्राचा व्यवहार करण्याची मोकळीक दिली आहे; परिपक्व झालेल्यांसाठी मात्र ध्वनी हेच काव्य. म्हणजे चित्र हे त्याच्या दृष्टीने शिक्षणाचे साधन होते. दुसरी अशी की, 'देवीशतक' हे स्तोत्र स्वतः आनंदवर्धनाचेच असून ते यमक आणि चित्रबंध यांनी गच्च भरलेले आहे. सिद्धांतकार आणि कवी यांच्यात विसंगती होती असे म्हणून हा प्रश्न सोडविता येतो. पण स्तोत्रात जेथे बंध हाच पूजेचा एक प्रकार होतो तेथे निकष बदलतो, असे समजणे अधिक न्याय्य ठरेल. देवतेपुढे शंभर श्लोकांचा हा कष्टसाध्य व्यूह मांडणाऱ्याला रसिकाच्या आस्वादाची पर्वा नसते.

४

कवीचा बंध कवीच्या मनात घडतो. पानावर तो कोण उतरवितो हा प्रश्न काव्यशास्त्राने विचारला नाही. भूर्जपत्र, ताडपत्र किंवा कागद यांवर मजकूर उतरविणाऱ्या लेखकाला मजकुराचा एकही शब्द बदलण्याचा अधिकार नव्हता. त्याच्या हाती उरत होती ती केवळ अक्षराची आकृती आणि अक्षरांमधील मोकळी जागा. या दोहोंचा त्याने पुरेपूर उपयोग केला.

वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट ज्या लिपीत आहेत तिला पुराभिलेखविद्येत पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक लहानशी चौकट असते. या चौकटीला उच्चार नाही, अर्थ नाही. ती कोरणाऱ्याच्या छिन्नीने अक्षराला दिलेला अलंकार आहे. विदर्भाच्या राजसत्तेची ओळख ठरलेली ही अक्षरशैली कवींनी नव्हे, तर लेखक आणि कोरीवकाम करणारे सोनार यांनी घडविली. प्रवरसेन (द्वितीय) याच्या पट्टण ताम्रपटाच्या लेखकाचे नाव कालिदास असे आहे. तेव्हापासून विद्वानांनी चर्चा केली ती एवढीच की हा कालिदास म्हणजे महाकवी असेल काय. मिराशींनी तो नव्हे असा निर्वाळा दिला आणि चर्चा संपली. महाकवी नसलेला तो लेखक कालिदास पुन्हा कोणाच्या विचारात आला नाही. साहित्येतिहासाच्या नजरेतील लेखकाचे स्थान या एका प्रसंगातून पुरेसे कळते.

पुढील काळातील पुरावा अधिक बोलका आहे. मुनी पुण्यविजयजी यांनी जैन श्रमणसंस्कृती आणि लेखनकला यांविषयीच्या आपल्या गुजराती ग्रंथात (१९३५) हस्तलिखितांतील एका खास प्रकाराची माहिती दिली आहे. काही लेखक ओळी लिहिताना अक्षरांमध्ये अशा कौशल्याने जागा सोडीत की पान दुरून पाहिले असता मोकळ्या जागांतून चौकोन, त्रिकोण, छत्र, स्वस्तिक अशा आकृती, क्वचित अक्षरेही उमटत. याला 'रिक्तलिपिचित्र' असे नाव आहे. काळ्या मजकुरात नेमकी काही अक्षरे तांबड्या शाईने लिहूनही असेच चित्र साधले जाई. मजकूर तसाच राहतो, वाचणाऱ्याला चित्राची जाणीव ठेवण्याची गरज नसते. चित्र पाहणाऱ्याला मजकूर वाचण्याची गरज नसते. कवीच्या बंधापासून हे चित्र मूलतः वेगळे आहे. येथे अक्षरावर दुहेरी भार नाही. आकृतीसाठी अक्षराचा अर्थ गौण आहे. त्याची शाई आणि त्याची जागा एवढीच महत्त्वाची.

या लेखनसंस्कृतीचे एक मोठे केंद्र वाशीम जिल्ह्यातच आहे. कारंजा येथे सेनगण व बलात्कारगण यांच्या भट्टारकपीठांबरोबर ग्रंथभांडारेही वाढली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीमुळे कारंज्याच्या पोथ्या विद्वानांच्या दृष्टीस पडल्या. त्यांच्या आधारे कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' (१९३१) आणि हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ' (१९३३), 'करकंडचरिउ' (१९३४) ही अपभ्रंश काव्ये संपादित केली. अपभ्रंश साहित्याचा अभ्यास ज्या पोथ्यांमुळे शक्य झाला त्या शतकानुशतके नकलून ठेवणारे हात लेखकांचे होते. संपादित आवृत्तीत कवी येतो, संपादक येतो, पाठभेद येतात. लेखक येतो तो त्याच्या चुकांच्या रूपाने. त्याने सोडलेली जागा छापील पानावर येतच नाही.

५

छपाईने पोथीलेखक संपविला. कचेरीने त्याला टंकलेखकाच्या रूपाने परत आणले. त्याचे काम तेच : दुसऱ्याचा मजकूर, एका शब्दाचाही फेरफार न करता, नीटनेटका उतरवून देणे. आणि त्याच्या हाती उरलेले स्वातंत्र्यही तेच : चिन्ह आणि जागा. यंत्राने त्यात एका गोष्टीची भर घातली. सर्व चिन्हांना सारखी रुंदी मिळाल्याने कोऱ्या कागदाची आपोआप चौकट झाली. सामान्य टंकलेखन यंत्रावर एका इंचात आडवी १० अक्षरे आणि उभ्या ६ ओळी बसतात. म्हणजे घर रुंदीपेक्षा उंचीने जास्त, तीनास पाच या प्रमाणात. वर्तुळ काढावयाचे तर ओळी कमी आणि घरे जास्त धरावी लागतात. अन्यथा वर्तुळाचे अंडे होते. रूळ अर्धी ओळ फिरवून, त्याच घरावर पुन्हा दुसरे चिन्ह मारून छटा गडद करता येते. विरामबिंदू फिका, अधिकचिन्ह मध्यम, एकावर एक मारलेली अक्षरे काळीभोर, अशी उजेड-अंधाराची श्रेणी टंकलेखक सरावाने शिकतो.

इंग्लंडात फ्लोरा स्टेसी या बाईंनी टंकलेखन यंत्रावर काढलेले फुलपाखराचे चित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले. ते या कलेचे प्रारंभीचे ज्ञात उदाहरण मानले जाते. मराठी जगात या कलेचे सर्वांत ठळक नाव मुंबईच्या चंद्रकांत भिडे यांचे आहे. कलाशाळेत जाण्याची इच्छा घरच्या परिस्थितीमुळे बाजूला ठेवून त्यांनी टंकलेखन शिकले आणि बँकेत टंकलेखकाची नोकरी धरली. दूरध्वनी क्रमांकांची यादी टंकित करण्याचे काम आले असता त्यांनी ती दूरध्वनीच्याच आकारात उतरविली, आणि तेथून गणपती, नामवंतांची व्यक्तिचित्रे असा प्रवास सुरू झाला. या आरंभाचे मर्म साहित्याच्या अभ्यासकाने ओळखले पाहिजे. यादीतील एकही आकडा बदलला नाही. तिची जागा बदलली. रिक्तलिपिचित्र काढणाऱ्या पोथीलेखकाने केले ते याहून वेगळे नव्हते.

मराठी टंकलेखन यंत्र शिकणाऱ्याला याहूनही सूक्ष्म असे एक चित्रज्ञान देत असे. पंचेचाळीसच्या आसपास कळांत देवनागरीची सर्व जोडाक्षरे मावणे अशक्य असल्याने यंत्रकर्त्यांनी अक्षरे मोडली. श, ष, ण, ध, भ यांसारखी अक्षरे अर्धे रूप आणि त्यापुढे काना अशा दोन ठोक्यांत साकार होत. उकार, अनुस्वार, मात्रा यांच्या कळा दाबल्या तरी रूळ पुढे सरकत नसे. चिन्ह जागच्या जागी वर किंवा खाली उमटे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येत असली तरी यंत्रावर ती आधी मारावी लागे, कारण कागदावर ती डावीकडे आहे. याचा अर्थ, मराठी टंकलेखक अक्षर उच्चारानुसार लिहीत नसे, रेषेनुसार रचीत असे. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या वेगासाठी तालुक्यातालुक्यांतील टंकलेखनवर्गांत ज्या मुलामुलींनी बोटे झिजविली, त्यांना देवनागरीच्या शरीररचनेचे ज्ञान बोटांतून झाले. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून ते बहुधा मिळत नाही. २०१०नंतरच्या दशकात यांत्रिक टंकयंत्रावरील परीक्षा मागे पडून संगणक टंकलेखनाने तिची जागा घेतली, आणि हे ज्ञान देणारी शाळाच उरली नाही.

६

संगणकाने अक्षरचित्राला नवे क्षेत्र दिले आणि देवनागरीला त्यातून वगळले. १९६३ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या 'आस्की' संकेतावलीत छापता येण्याजोगी ९५ चिन्हे आहेत. सारख्या रुंदीची ही चिन्हे ८० स्तंभ आणि २५ ओळींच्या पडद्यावर मांडली की २००० घरांची चौकट मिळते. १९६६ साली बेल प्रयोगशाळेत केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी एका छायाचित्राचे लहान चिन्हांत रूपांतर करून दाखविले. पुढे ही कला हौशी लोकांच्या हाती गेली. शिकण्याची रीत टंकलेखकाचीच राहिली : चिन्हांची काळेपणानुसार उतरंड लावणे, घराच्या उभटपणाचा हिशेब ठेवणे, तिरक्या रेषेसाठी योग्य चिन्ह शोधणे.

देवनागरी या चौकटीत बसत नाही. तिच्या अक्षरांची रुंदी सारखी नाही. मात्रा वरखाली जातात. एका घरात किती संकेत जमा होतील याचा नियम नाही. त्यातच संगणकीय देवनागरीने टंकयंत्राची दिशा उलटी केली. १९८०च्या दशकात आखलेल्या 'इनस्क्रिप्ट' कळफलकात डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने आहेत. अल्पप्राण आणि महाप्राण एकाच कळेवर आहेत. ही मांडणी वर्णमालेच्या उच्चारस्थानांवर आधारलेली आहे. १९९१ची भारतीय प्रमाण संकेतावली आणि तिच्या वाटेने आलेली युनिकोड व्यवस्था यांतही ऱ्हस्व वेलांटी उच्चारक्रमाने व्यंजनानंतर नोंदली जाते; ती डावीकडे सरकविण्याचे काम यंत्र करते. टंकयंत्रावर अक्षर रेखाटले जात होते. संगणकावर ते उच्चारले जाते आणि चित्र फॉन्ट काढतो.

हे चित्र काढणारा फॉन्टकार कोण होता, याला मराठी साहित्याच्या इतिहासात महत्त्व आहे. विंडोज प्रणालीतून घरोघर पोचलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी घडविला. सुलेखनकार आणि मुंबईच्या आय. आय. टी.तील अध्यापक म्हणून ते ओळखले गेले. पण ते कवीही होते, आणि अक्षरांच्या मांडणीतूनच आशय घडविणारी काँक्रीट कविता मराठीत लिहिणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. युरोपात ऑयगेन गोमरिंगर आणि ब्राझीलमध्ये नोइगान्द्रेस गट यांनी १९५०च्या दशकात सुरू केलेल्या या चळवळीत शब्दाची जागा हाच त्याचा अर्थ होता. तिच्यात कवीचे चित्र आणि लेखकाचे चित्र प्रथमच एका हाताखाली आले : अर्थ रचणारा आणि जागा सोडणारा एकच. जोशींच्या बाबतीत हा संयोग आणखी एक पाऊल पुढे गेला. ज्याने अक्षराला कविता मानले त्यानेच लक्षावधी लोकांच्या रोजच्या कारकुनी मजकुराला अक्षररूप दिले. ताम्रपटाच्या अक्षरांवर चौकटी कोरणाऱ्या अनामिकाचे काम या वेळी एका कवीने केले, आणि त्याचे नाव मात्र पुन्हा मजकुराखाली झाकले गेले.

७

या विवेचनातून अक्षरचित्राचे तीन प्रकार वेगळे होतात. चित्रबंधात अक्षर अर्थासह आकृतीत बसते. काँक्रीट कवितेत आकृतीमुळे अर्थ निर्माण होतो. रिक्तलिपिचित्रात आणि कळफलकावरील चित्रात आकृती मजकुराच्या अर्थाशिवाय उभी राहते. अक्षर हा शाईचा एक ठिपका होतो. आनंदवर्धन आणि मम्मट यांचा आक्षेप पहिल्या प्रकाराला लागू पडतो, कारण तो काव्य असल्याचा दावा करतो. तिसरा प्रकार असा दावाच करीत नाही. त्याला अधम काव्य म्हणणे म्हणजे न लढलेल्याला पराभूत ठरविणे होय. त्याचा विचार लेखनाच्या, म्हणजे लिपी, साधन आणि श्रम यांच्या इतिहासात व्हावयास हवा. हा इतिहास साहित्यविचाराच्या बाहेरचा आहे असे मानण्याची सवय समीक्षेला लागली आहे. तिचे मोल मोठे आहे. कारंज्यासारख्या भांडारांतील पोथ्यांची संगणकीय प्रत करताना त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये उतरविला की काम पूर्ण झाले असे समजले गेले, तर लेखकाने सोडलेली जागा, तांबडे अक्षर, ओळीची लांबी हे सर्व दुसऱ्यांदा आणि कायमचे नाहीसे होईल. पहिल्यांदा ते छापखान्यात नाहीसे झाले होते.

राहिला प्रश्न वच्छोमीचा. सहजतेची ही रीती आणि अक्षरांचा खटाटोप यांत जे वैर मानले गेले त्याला राजशेखराच्या कथेत आधार नाही. सरस्वती आपल्या पुत्राच्या देहाचे वर्णन करते तेव्हा रस हा आत्मा आणि छंद ही रोमावली असे सांगताना प्रश्नोत्तरे, प्रहेलिका इत्यादींना ती त्याची वाक्क्रीडा म्हणते. अक्षरांचा खेळ तेथे देहाबाहेर टाकलेला नाही. वैदर्भी रीतीच्या लक्षणांतही राजशेखराने स्थानानुप्रास, म्हणजे समान उच्चारस्थानाच्या वर्णांची आवृत्ती, घेतला आहे. इनस्क्रिप्ट कळफलक ज्या तत्त्वावर उभा आहे तेच हे वर्णशास्त्र. शिवाय कथेतील क्रम पाहिला पाहिजे. काव्यपुरुष पूर्वदेशात वश होत नाही, पांचालात थोडा वळतो, आणि सर्व प्रदेश ओलांडून आल्यानंतर दक्षिणेत पूर्णपणे वश होतो. वैदर्भी तेव्हा अवतरते. सहजता हा राजशेखराच्या हिशेबी प्रवासाचा शेवटचा मुक्काम आहे. आनंदवर्धनाने चित्राला अभ्यासाची पायरी म्हटले, ते या क्रमाशी सुसंगतच आहे. पायरी चढून गेलेल्याने ती खालच्या दर्जाची ठरवावी हे समजण्यासारखे आहे. पण विद्यापीठांनी ती पायरीच काढून टाकली, आणि विद्यार्थ्याने थेट वत्सगुल्मात पोचावे अशी अपेक्षा ठेवली. ज्याने कधी ६४ घरे भरून पाहिली नाहीत किंवा वेलांटी आधी मारावी लागते हे बोटांनी अनुभवले नाही, त्याला अक्षर ही वस्तू आहे हे केवळ ऐकून माहीत असते. काव्यशास्त्राच्या वर्गात एखादा बंध सोडविणे, पोथीचे एक पान ओळीओळीने नकलणे आणि कळफलकावर एक आकृती उतरविणे, एवढे तरी परत आणणे शक्य आहे. त्याला काव्य म्हणण्याची गरज नाही.